उपसा चाचणीचं गणित: विहिरीच्या काठावर आणि बाहेरच्या टोकाला कोणत्या सीमा-अटी लावायच्या?

मुरूम_माती

नमस्कार मंडळी. उघड्या विहिरीची उपसा चाचणी अरीय विसरण समीकरणाने सोडवतोय, आकडे मात्र जुळत नाहीत. समीकरण नेहमीचंच:

एस × ∂घट/∂वेळ = टी × (१/त्रिज्या) × ∂/∂त्रिज्या (त्रिज्या × ∂घट/∂त्रिज्या)

घट म्हणजे मूळ पातळीपासून पाणी किती खाली गेलं ते, टी म्हणजे ट्रान्समिसिव्हिटी (जमिनीच्या थराची पाणी वाहू देण्याची क्षमता), एस म्हणजे साठवण गुणांक.

विहीर मुरमातली आणि खालच्या सांध्यांच्या पाषाणातली. व्यास ६ मीटर, पाण्याचा स्तंभ ४ मीटर, उपसा ताशी १५ घनमीटर. टी = ३० चौ. मी. प्रतिदिन आणि एस = ०.०२ धरलंय.

आतली अट, त्रिज्या = ३ मी. वर: २π × त्रिज्या × टी × ∂घट/∂त्रिज्या = −उपसा.
बाहेरची अट, त्रिज्या = ६० मी. वर: घट = ०. (प्रभाव त्रिज्येच्या सूत्राने एका दिवसासाठी ५८ मीटर आली, म्हणून ६०.)

कोड म्हणतो ४ तासांनी विहिरीत साधारण ४ मीटर घट, म्हणजे विहीर कोरडी. प्रत्यक्ष मोजणी: १ तासाला ०.४७ मी., ४ तासांना १.५५ मी. थीसचं सूत्रही (उपशाने किती घट होते ते सांगणारं नेहमीचं सूत्र) ३.९५ मीटर देतं, म्हणजे कोडमध्ये गणिती चूक नसावी. टी वाढवून जुळवून घेऊ का? ९८ धरलं की १.५५ बरोबर येतं.

---

बारव

टीला अजिबात हात लावू नका. आधी बेरीज-वजाबाकी करू.

६ मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ २८.२७ चौ. मी. चार तासांत उपसलं ६० घनमीटर. आता समजा जमिनीतून विहिरीत एक थेंबही आला नाही, तरी पातळी ६० ÷ २८.२७ = २.१२ मीटरच उतरेल. त्याहून जास्त उतरणं शक्यच नाही. तुमचा कोड ४ मीटर सांगतो म्हणजे विहिरीतून ११० घनमीटरच्या वर पाणी गेलं असं म्हणतो, आणि पंपाने काढलं ६०. समीकरण बरोबर सुटलंय, पण काठावरची अट या विहिरीची नाहीच.

मोजलेले आकडे बघा. एका तासाला ०.४७ मी. म्हणजे १५ पैकी १३.३ घनमीटर विहिरीच्या पोटातलं. चार तासांना १.५५ मी. म्हणजे ६० पैकी ४३.८ घनमीटर पोटातलं, जमिनीतून आलं ते फक्त १६. तुमची अट मात्र पहिल्या सेकंदापासून सगळा १५ चा दर जमिनीकडून वसूल करते.

थीसने १९३५ मध्ये हे सूत्र उष्णतावहनावरून घेतलं. त्यात विहीर म्हणजे नुसती एक रेघ, तिला पोट नाही. सहा-आठ इंची बोअरला ते चालून जातं, आपल्याकडच्या उघड्या विहिरीला नाही.

---

अरीय

बारव यांनी दुखणं नेमकं सांगितलं. औषध असं. आतली अट अशी लिहा:

उपसा = π × (पोटाची त्रिज्या)² × ∂(विहिरीतली घट)/∂वेळ − २π × (काठाची त्रिज्या) × टी × ∂घट/∂त्रिज्या

पहिलं पद विहिरीचा साठा, दुसरं जमिनीतून येणारा प्रवाह. घट बाहेरच्या बाजूला कमी होत जाते, म्हणून तिचा उतार ऋण, आणि म्हणून तिथे वजा चिन्ह. हे चिन्ह उलटं पडलं तर पहिल्या दोन-चार टाइमस्टेपमध्येच उत्तर भरकटतं, लगेच कळतं. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी हेच सोडवलंय. तेलविहिरींची मंडळी याच पदाला वेलबोअर स्टोरेज म्हणतात.

कोडमध्ये ही वेगळी सीमा म्हणून लिहूच नका. ग्रिडचा शून्य क्रमांकाचा कप्पा म्हणजे विहीर समजा. त्याचं क्षेत्रफळ २८.२७, साठवण गुणांक १, आणि उपसा त्या कप्प्यातून. मग सीमा-अट आपोआप पाळली जाते.

ग्रिड लॉग घ्या. चल = लॉग(त्रिज्या) (नैसर्गिक लॉग) केलं की शेजारच्या दोन नोडमधली वहनक्षमता सगळीकडे सारखी: २π × टी ÷ चलातलं अंतर. ३ पासून २०० मीटरपर्यंत ६० भाग केले तर अंतर ०.०७, वहनक्षमता १८८.५ ÷ ०.०७ = सुमारे २६९३ चौ. मी. प्रतिदिन. पहिला टप्पा २२ सें.मी.चा, शेवटचा साडेतेरा मीटरचा. काठाशी जिथे उतार तीव्र तिथे बारीक, लांब जिथे काही घडत नाही तिथे जाड.

प्रत्येक कप्प्याचं क्षेत्रफळ काढताना π(बाहेरची² − आतली²) असंच काढा. २π × त्रिज्या × रुंदी हे अंदाजी रूप लॉग ग्रिडवर मास बॅलन्स बिघडवतं. काठाच्या नोडला जमिनीचा अर्धा कप्पाही चिकटतो, पण त्याचा साठा ०.०४ चौ. मी. एवढाच. २८ पुढे तो दिसतही नाही.

वेळेसाठी इम्प्लिसिट पद्धत (सगळ्या नोडची नव्या वेळेची घट एकत्र सोडवणारी). या ग्रिडवर एक्सप्लिसिट घेतलीत तर काठाशी टाइमस्टेप सव्वा सेकंदाच्या आत ठेवावी लागेल. त्रिकर्णी मॅट्रिक्स थॉमसच्या रीतीने चुटकीसरशी सुटते. सुरुवात १० सेकंदांनी, पुढची प्रत्येक स्टेप १.२ पट, कमाल १० मिनिटं.

आणि एकके! टी प्रतिदिन आहे, उपसा प्रतितास. १५ नव्हे, ३६० घालायचे.

---

मुरूम_माती

साठ्याचं पद घातलं. टी ३० आणि एस ०.०२ तेच ठेवून ४ तासांना १.५६ येतंय. आभार! म्हणजे ९८ वर जुळत होतं तो निव्वळ योगायोग?

---

बारव

योगायोग तरी कसला! एकाच आकड्याशी जुळवायचं तर टी कुठेतरी बसणारच. चारही तासांची वाचनं एकत्र मांडून बघा: टी ९८ असलेला थीस पहिल्या तासाला १.१५ मीटरच्या आसपास घट सांगेल, मोजलीत जेमतेम हातभर. वक्राचा आकारच वेगळा. ती तिप्पट टी पुढे कुणी वापरली तर दोन विहिरींमधलं अंतर, उन्हाळ्यातलं पाणी, सगळे हिशेब फुगतात.

साठ्याचा परिणाम कधी ओसरतो याचा ठोकताळा: वेळ > गुणक × (पोटाची त्रिज्या)² ÷ टी. गुणक २५ पासून २५० पर्यंत, कोणाला किती काटेकोर हवं त्याप्रमाणे. तुमच्या विहिरीला २५ × ९ ÷ ३० = साडेसात दिवस, आणि कडक नियमाने ७५ दिवस. इतका वेळ सलग पंप कोण चालवणार? त्यामुळे उघड्या विहिरीच्या चाचणीवर सरळ रेषेची जेकब रीत (वेळेच्या लॉगसमोर घट मांडून रेषेच्या उतारावरून टी काढायची) लावायची सोयच नाही. सेमी-लॉग कागदावर रेषा सरळ दिसली तरी ती फसवी.

आणखी एक पटकन करायची तपासणी. पहिल्या १०–१५ मिनिटांत पातळी ज्या वेगाने उतरते तो उपसा ÷ क्षेत्रफळ एवढा असायला हवा. इथे ताशी ५३ सें.मी. पंपाचा खरा दर बादलीने किंवा व्ही-नॉचने (त्रिकोणी खाचेच्या पाटीने) मोजला नसेल तर यावरून उलटा काढता येतो. पाटीवरच्या हॉर्सपॉवरवरून काढलेल्या दरापेक्षा तो केव्हाही बरा.

---

दख्खनचा_कातळ

आता बाहेरच्या टोकाकडे वळू, कारण ६० मीटर हा आकडा मला खुपतोय.

५८ आला तो १.५ × √(टी × वेळ ÷ एस) यातून. हे सूत्र जेकबच्या सरळ रेषेला लांबवून ती जिथे शून्याला छेदते तिथून काढलंय. प्रत्यक्षात तिथे घट शून्य नसते. थीसने बघा: २४ तासांनी ६० मीटरवर ४३ सें.मी. घट. साठ्यामुळे तुमच्याकडे ती थोडी कमी असेल, पण शून्य नक्कीच नाही. तिथे घट = ० लादली की तुम्ही विहिरीभोवती ६० मीटरवर गोल कालवा खणून त्यात कायम पाणी भरून ठेवल्यासारखं होतं. तो कालवा पाणी पुरवत राहतो आणि विहीर आहे त्याहून जोरकस दिसते.

चार तासांपुरतं ६० चाललं, कारण तोवर तिथली घट थीसनेही अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. चाचणी लांबली की फसलात.

'अनंत' जलधर (पाणी धरणारा थर) दाखवायचा तर टोक ४.५ × √(टी × वेळ ÷ एस) च्या पलीकडे हवं. तिथे थीसच्या सूत्रातलं वेल फंक्शन ०.००१ च्या घरात येतं. तुमच्यासाठी ४ तासांना ७१ मीटर, २४ तासांना १७४. म्हणून अरीय यांनी २०० सुचवलं ते योग्य. लॉग ग्रिडवर टोक दुप्पट लांब नेलं तर दहाच नोड वाढतात, कंजुषी कशाला?

खोल, दाबाखालचा जलधर असेल तर एस ०.०००१ इतका लहान आणि हेच अंतर २४ तासांना साडेचोवीसशे मीटरच्या आसपास जातं. मुरमाच्या विहिरीचा आकडा बोअरच्या मॉडेलला चिकटवू नये.

टोक पुरेसं लांब आहे का ते तपासायचा माझा आवडता उपाय: तेच मॉडेल दोनदा चालवा. एकदा टोकाला घट = ०, एकदा प्रवाह = ०. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये असतं. दोन्हींत विहिरीतली आणि निरीक्षण बोअरमधली घट मिलिमीटरपर्यंत सारखी आली तर टोकाची अट काहीही लावा, फरक पडत नाही. वेगळी आली तर टोक आणखी ढकला.

---

ओढ्याकाठी

पण आमच्या विहिरीपासून ४० मीटरवर बारमाही ओढा आहे. मग ४० मीटरवर घट = ० बरोबरच ना?

---

दख्खनचा_कातळ

भौतिक अट बरोबर, आकार चुकीचा. ओढा एका बाजूने सरळ जातो, विहिरीला गोल वेढा घालत नाही. अरीय मॉडेलमध्ये त्रिज्या ४० वर घट = ० म्हणजे चारही बाजूंनी ओढा. विहीर उगाच श्रीमंत होते.

सरळ सीमेसाठी प्रतिमा-विहीर वापरा. ओढ्याच्या पलीकडे तितक्याच अंतरावर, म्हणजे तुमच्या विहिरीपासून ८० मीटरवर, पाणी सोडणारी काल्पनिक विहीर कल्पून दोन्हींची घट जोडा. समीकरण रेषीय असल्याने बेरीज चालते. शिवाय ओढ्याचा तळ गाळाने बसलेला असेल आणि पाणी मुरमाशी जोडलेलंच नसेल, तर ती स्थिर पातळीची सीमा नाहीच.

डाइकचंही (खडकात उभी घुसलेली कठीण दगडाची भिंत) तसंच. धुळे-नंदुरबारकडे डाइकांची रांगच्या रांग आहे. अभंग डाइक पाणी अडवतो, म्हणून तिथे प्रवाह = ०, पण तोही सरळ भिंतीसारखा. प्रतिमा-विहीर मग पाणी सोडणारी नाही, उपसणारी. बोअरच्या लांब चाचणीत अशा सीमेनंतर सेमी-लॉग रेषेचा उतार दुप्पट होतो. धाग्यातल्या विहिरीसारख्या जागी डाइक १०० मीटरवर असेल तर प्रतिमा २०० मीटरवर, आणि तिचा प्रभाव ठळक जाणवायला काही दिवस. एका दिवसाच्या चाचणीत डाइक दिसला असं कोणी सांगितलं तर आधी घड्याळ आणि पंपाचा दर तपासा.

गोल बंद सीमा खरोखर कुठे लागते? एकाच माळावर सारख्या अंतराने विहिरी आहेत आणि सगळ्या एकाच वेळी चालू. तेव्हा दोन विहिरींच्या मध्यावर पाणी इकडे की तिकडे असा पाणलोट तयार होतो आणि तिथे प्रवाह = ०. २०० मीटर त्रिज्येचा असा वाटा, एस ०.०२, उपसा दिवसाला ३६० घनमीटर: काही दिवसांनी सगळीकडे पातळी दिवसाला १४ सें.मी. या एकाच वेगाने उतरू लागते. उन्हाळ्यातल्या हिशेबाला ही अट, चाचणीला नाही.

---

आडवं_बोअर

एक मुद्दा राहिला. पोटाची त्रिज्या आणि काठाची त्रिज्या एकच धरून चाललंय, ते नेहमी बरोबर नसतं.

विहिरीला आडवे बोअर मारलेले असतील तर पाणी १५–२० मीटर आतून गोळा होतं. साठा अजून ३ मीटरच्याच त्रिज्येचा, पण जमिनीच्या लेखी काठ बाहेर सरकलेला. उलट, दगडी किंवा काँक्रीटच्या कड्यांनी विहीर बांधली आणि पाझराची भोकं बुजली, तर पाणी भिंतीशी अडतं. दोन्हींसाठी स्किनची (काठाशी असलेला जादा अडथळा किंवा सवलत मोजणारा आकडा) अट:

विहिरीतली घट = काठावरची घट − स्किन × काठाची त्रिज्या × ∂घट/∂त्रिज्या

भिंत बसलेली असेल तर स्किन धन, आडव्या बोअरला ऋण. अरीय यांच्या ग्रिडमध्ये हे फक्त विहीर आणि पहिला नोड यांच्यातली वहनक्षमता बदलून येतं: २π × टी ÷ (०.०७ + स्किन). ऋण स्किन मात्र −०.०७ च्या खाली गेली की वहनक्षमताच ऋण होते आणि सगळं कोसळतं. तेव्हा स्किन सोडा आणि काठाची त्रिज्या = ३ × ई^(−स्किन) करा. स्किन −१ म्हणजे काठ ८.२ मीटरवर. साठ्याच्या कप्प्यात ३ च राहू द्या, तिथे ८.२ शिरला की सगळं परत बिघडलं.

सावध: एकट्या विहिरीच्या वाचनांवरून एस आणि स्किन वेगळे सुटत नाहीत, एक वाढवला की दुसरा भरून काढतो. शेजारी निरीक्षण बोअर असेल तरच दोन्ही शोधा. नसेल तर मुरमासाठी एस १ ते ३ टक्क्यांत धरून ठेवा आणि टी व स्किन जुळवा.

---

मुरूम_माती

फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप) ३.२ मीटर घटीच्या पातळीवर आहे. पंप जास्त वेळ चालवला तर?

---

अरीय

तर अट मधेच बदलते. तोवर दर ठरलेला होता आणि पातळी मोकळी. व्हॉल्व्ह उघडा पडला की पातळी ठरलेली आणि दर मोकळा, जेवढं येईल तेवढंच पंप ओढणार. कोडमध्ये: प्रत्येक स्टेप आधी दराच्या अटीने सोडवा. विहिरीतली घट ३.२ च्या पुढे गेली तर तीच स्टेप टाकून देऊन घट = ३.२ ठेवून पुन्हा सोडवा आणि दर प्रवाहावरून काढा. उत्तर कापून नुसतं ३.२ करू नका, पाण्याचा हिशेब तिथेच तुटतो.

तुमच्या आकड्यांत साधारण १२ तासांनी हे होईल. त्या क्षणी विहिरीचा स्वतःचा वाटा बंद पडतो, म्हणून दर १५ वरून एकदम साडेदहाच्या आसपास येतो आणि मग हळूहळू घटतो. पाइपातून हवा-पाणी मिसळून यायला लागतं ते याच वेळी.

पहिल्या क्षणापासूनच स्थिर पातळीची अट लावणं हे आपोआप वाहणाऱ्या आर्टेशियन विहिरीचं गणित. जेकब आणि लोमन यांनी १९५२ मध्ये मांडलेलं. तिथे सुरुवातीला काठावर घट एकदम शून्यावरून उडी मारते, म्हणून पहिल्या काही स्टेपचा दर ग्रिड किती बारीक आहे त्यावर ठरतो. तो छापू नका. क्रँक-निकोल्सन (अर्धी इम्प्लिसिट, अर्धी एक्सप्लिसिट पद्धत) वापरत असाल तर ही उडी पुढे थरथरत राहते, पहिल्या चार-पाच स्टेप पूर्ण इम्प्लिसिट घ्या.

---

बारव

पंप बंद केल्यावरची अटही सांगून ठेवतो, तिथे बरेच कोड चुकतात. उपसा = ० केलं की काही जण काठावर प्रवाह = ० लावतात. तसं केलं तर विहीर कधी भरणारच नाही. शून्य होतो तो पंपाचा दर. जमिनीतून पाणी येतच असतं आणि ते विहिरीच्या पोटात साठतं. अरीय यांच्या शून्य-कप्प्याच्या रचनेत फक्त उपशाचा आकडा शून्य करायचा, बाकी काही नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये ४ तासांनी बंद केल्यावर पहिल्या तासात साधारण २० सें.मी. भराव दिसायला हवा. शेतावर हाच भराव जपून मोजा: सुरुवातीला दर पाच मिनिटांनी, नंतर अर्ध्या तासाने, निदान निम्मी घट भरून येईपर्यंत. उपशात पंपाचा दर व्होल्टेजप्रमाणे वरखाली होतो, भरावात पंपच नाही. टी जुळवताना मी भरावाला जास्त वजन देतो.

---

दख्खनचा_कातळ

कोडवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी. पोटाची आणि काठाची दोन्ही त्रिज्या ०.०५ मीटर करून चालवा आणि ३० मीटरवरची घट थीसशी ताडून बघा, तिसऱ्या अंकापर्यंत जुळली पाहिजे. ग्रिड आता ०.०५ पासून सुरू होतो, तेव्हा नोड वाढवायला विसरू नका. दुसरं, प्रत्येक स्टेपला छापा: उपसलेलं पाणी − विहिरीतून घटलेलं − जमिनीतून घटलेलं − टोकातून आलेलं. हा आकडा राउंडिंगच्या पातळीवर राहायला हवा.

अन् एक मर्यादा अटींनी सुटत नाही. पाणी धरणारी जाडी ८ मीटर आणि घट ३ मीटर असेल तर टी स्थिर नाही. जेकबची दुरुस्ती, घट − घट² ÷ (२ × जाडी), लावली तर ३ ची २.४४ होते. ती लांबल्या वेळेला आणि बाहेरच्या निरीक्षण बोअरला बरी, विहिरीच्या काठावर नाही. तिथे भिंतीतून पाणी विहिरीतल्या पातळीच्या वर, हातभर उंचीवरूनही पाझरताना दिसतं. म्हणजे काठावरची पातळी आणि विहिरीतली पातळी एक नाहीच. एकमितीय मॉडेलमध्ये तो पाझर धन स्किन बनून बसतो. भिंतीची भोकं मोकळी असूनही स्किन २–३ निघाली, तर भिंत फोडायच्या आधी पंप चालू असताना विहिरीत वाकून ओलीची रेघ कुठे आहे ती बघा.